सोनापूर कोणाचे?

मुंबईच्या जुन्या मराठीत ‘सोनापूर’ म्हटले की पत्ता सांगावा लागत नसे. एखाद्याला सोनापुरात पोचवून आलो, एवढे म्हटले की ऐकणारा डोक्यावरची टोपी काढायचा. मरीन लाइन्स स्थानकाच्या अंगाला, पूर्वी ज्याला क्वीन्स रोड म्हणत त्या रस्त्याकडेच्या लांबट पट्ट्याचे हे नाव. तिथे हिंदूंची चंदनवाडी आहे, मुसलमानांचे बडा कबरस्तान आहे, आणि एके काळी इंग्रजांची दफनभूमीही तिथेच होती. नाव कशावरून पडले याच्या दोन कथा आहेत. कुणी ते हिंदुस्तानीतल्या ‘सोना’वरून, म्हणजे झोपण्यावरून लावतात, कुणी सोन्यावरून. व्युत्पत्तीपेक्षा मला महत्त्वाची वाटते ती या पट्ट्याच्या इतिहासातली एक उलटी गोष्ट. राज्य इंग्रजांचे, जमीनमहसूल त्यांचा, कायदा त्यांचा, पोलीसही त्यांचेच. तरीही एकोणिसाव्या शतकात या समुद्रकाठच्या मोक्याच्या जागेवरून ज्यांचे मुडदे हलले ते राज्यकर्त्यांचे, आणि ज्यांची चिता व कबर जागच्या जागी राहिली ते प्रजाजन. असे का झाले, याचे नेहमीचे उत्तर ‘आरोग्याच्या कारणास्तव’ असे दिले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. माझे म्हणणे असे, की मेलेल्यांची जागा टिकते ती सत्तेच्या आधाराने नव्हे. तिथे पुन्हा पुन्हा जाणारा, खर्च उचलणारा आणि वेळ आली तर भांडणारा जिवंत समाज मागे असेल तर ती टिकते. सोनापूर हा त्याचा सर्वांत स्वच्छ पुरावा आहे.

सुरुवात सुरतेपासून करावी लागते, कारण पश्चिम किनाऱ्यावरचा इंग्रज आधी तिथे मेला. जानेवारी १६६४मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले तेव्हा इंग्रजांच्या वखारीचा प्रमुख जॉर्ज ऑक्झेंडन होता. तो १६६९मध्ये सुरतेतच वारला. त्याची आणि त्याचा भाऊ ख्रिस्तोफर याची कबर आजही दिसते, आणि ती पाहताना ख्रिस्ती थडग्यापेक्षा मोगल मकबऱ्याचीच आठवण होते: घुमट, कमानी, मजले. शेजारी डच कंपनीच्या व्हान रेडे या अधिकाऱ्याचे १६९१नंतरचे स्मारक आहे, तेही तसेच अवाढव्य. व्यापारी म्हणून आलेल्या मूठभर माणसांना मोगल शहरात आपले वजन दाखवायचे होते आणि त्यासाठी त्यांनी मेलेल्यांचा उपयोग केला. यातला एक तपशील सहसा नजरेआड होतो. त्या काळी इंग्लंडमध्ये माणसे चर्चच्या आवारात किंवा चर्चच्या फरशीखाली पुरली जात. गावाबाहेर, चर्चपासून वेगळी, फक्त दफनासाठी राखलेली जागा ही कल्पना युरोपात रुळायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. पॅरिसचे पेर लाशेझ १८०४चे, लंडनचे केन्सल ग्रीन १८३३चे. सुरतेत आणि कलकत्त्याच्या पार्क स्ट्रीटवर इंग्रज हे कितीतरी आधी करत होते. गावाबाहेरचा मसणवटा ही आपल्याकडची जुनीच रीत. ती परक्यांनी इथे येऊन उचलली, असे म्हणायला जागा आहे.

मुंबईत आल्यावर मात्र सुरतेचा थाट उरला नाही. बेटाच्या दक्षिणेला, कुलाब्याकडच्या टोकाला मेंढम्स पॉइंट नावाची जागा होती. तिथे पहिल्यांदा पुरलेल्या माणसावरून ते नाव पडले, असे सांगतात. कंपनीचे कारकून, शिपाई, खलाशी, नुकत्याच उतरलेल्या पोरसवदा मुली, सगळे तिथे गेले. १६८९च्या सुमारास आलेल्या ऑव्हिंग्टन या पाद्र्याने नोंदवले आहे, की मुंबईत गोऱ्या माणसाचे आयुष्य दोन पावसाळ्यांचे, अशी म्हणच पडली होती. १७१८च्या नाताळात सेंट थॉमस चर्च उघडले आणि मोठ्या हुद्द्याच्या माणसांना चर्चच्या आत जागा मिळू लागली. बाकीच्यांसाठी मेंढम्स पॉइंट होताच. पुढे १७६०च्या सुमारास फ्रेंचांच्या भीतीने किल्ल्याच्या संरक्षणाचा विचार सुरू झाला, कोटाभोवतीची जमीन मोकळी हवी झाली आणि ही दफनभूमी मोडून टाकण्यात आली. जवळपास शंभर वर्षांचे मृत त्या मातीत होते. मोडणारेही त्यांच्याच कंपनीचे. कुणी हरकत घेतल्याचे दिसत नाही, आणि त्याचे कारणही उघड आहे. हरकत घ्यायला मागे राहिले होते कोण? दोन पावसाळ्यांत मरणाऱ्यांची मुलेबाळे इथे नव्हती, आणि जे वाचले ते पैसा बांधून विलायतेला परत गेले. त्याच्या जवळपास शतकभर आधी, मुंबईचा गव्हर्नर जेरल्ड ऑन्जियर याच्या कारकिर्दीत, पारशांनी मलबार टेकडीवर आपला पहिला दख्मा, म्हणजे मृतदेह ठेवण्याचा बुरूज, उभारला होता. ती टेकडी पुढे मुंबईतली सर्वांत महागडी वस्ती झाली, तरी पारशांची ती जागा आजही त्यांचीच आहे. एकाच बेटावर, एकाच काळात सुरू झालेल्या या दोन जागा शेजारी ठेवून पाहाव्यात, एवढ्यावरून सत्ता आणि सातत्य यांतला फरक कळतो.

मेंढम्स पॉइंट गेल्यावर १७६०च्या दशकात इंग्रजांनी सोनापूर धरले. तेव्हा ती कोटाबाहेरची, बॅक बेच्या वाळूलगतची ओसाड जागा होती, वारा समुद्राकडचा, माती भुसभुशीत. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सगळ्यांचे अंत्यविधी त्या एका किनारपट्टीत होऊ लागले. पण मुंबई थांबणारी नव्हती. गिरगाव, काळबादेवी, भुलेश्वर भरत गेले आणि ओसाड सोनापूर वस्तीच्या मध्यात आले. १८४९मध्ये शहराची लोकसंख्या साडेपाच लाखांवर होती. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाचा भाव कडाडला, पैशामागे माणसे आली, आणि १८६४च्या शिरगणतीत आकडा ८,१६,५६२वर गेला. त्याच वर्षी डॉ. अँड्र्यू लीथ यांचा मुंबईच्या आरोग्यस्थितीवरचा अहवाल बाहेर पडला. रोग दुर्गंधीयुक्त हवेतून पसरतात, असा तेव्हाच्या वैद्यकाचा समज. एडविन चॅडविकने १८४३मध्ये लंडनच्या दफनांवर अहवाल लिहिला होता आणि १८५२पासूनच्या कायद्यांनी तिथली गावठाणातली दफने बंद होत चालली होती. ज्या कारभाऱ्यांनी हे वाचले होते त्यांच्या नाकाला सोनापूर खुपणे साहजिक होते. १८६५मध्ये मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर झालेले आर्थर क्रॉफर्ड यांनी शिवडीची एक जागा युरोपियनांच्या दफनासाठी मिळवली. ती जागा अॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या बागेची होती. भायखळ्याला १८६२मध्ये व्हिक्टोरिया गार्डन, म्हणजे आपली राणीची बाग, उघडली होती, तेव्हा शिवडीच्या बागेची गरज संपत आली होती. झाडे होतीच, आखलेले रस्ते होते. फुलांच्या वाफ्यांच्या जागी कबरी खणल्या जाऊ लागल्या. गोऱ्यांचे मृत पश्चिमेच्या समुद्रकाठावरून पूर्वेच्या चिखलकाठावर गेले आणि सोनापूरची त्यांची दफनभूमी दफनभूमी म्हणून संपली.

हिंदूंनाही तिकडेच पाठवायचे ठरत होते. सोनापूरच्या चितांचा धूर आणि वास यांचा त्रास होतो, सबब दहनभूमी शिवडीला न्यावी, असा सरकारचा बेत होता. तो हाणून पाडला जगन्नाथ शंकरशेट यांनी. नाना शंकरशेट म्हटले की आपल्याला रेल्वे, शाळा, म्युझियम आठवते. सोनापूरची ही लढाई त्यांच्या चरित्रात बहुधा एका ओळीत उरकलेली असते आणि त्याचे मला वाईट वाटते, कारण सामान्य मुंबईकराच्या दृष्टीने ती कदाचित सर्वांत जवळची होती. तिचे व्यवहारी अंग पाहा. गिरगावातून किंवा भुलेश्वरातून शिवडी दोन कोसांच्या आसपास. तिरडी खांद्यावरून न्यायची, पावसाळ्यात, चिखलातून. खांदेकरी बदलायला चारांच्या जागी बारा माणसे हवीत. गिरणीत किंवा पेढीवर रोजावर असलेल्या माणसाचा तो दिवस बुडणार. स्नानाला आणि अस्थी सोडायला मोकळा समुद्र हवा, तो शिवडीच्या खाजणात कुठला? इंग्रजाच्या शवाला घोड्यांची गाडी होती, त्याच्या नातलगांना बग्ग्या होत्या. त्याला शिवडी लांब नव्हती. म्हणजे एकच हुकूम दोघांवर सारखा पडणार नव्हता, आणि नानांनी सरकारच्या गळी उतरवले ते हेच. इंग्रजी जाणणारा, सरकारदरबारी वजन असलेला आणि तरीही दुखवट्याला सोनापुरात जाणारा माणूस त्या पट्ट्याच्या मागे उभा होता. दहनभूमी राहिली. ती इतकी घट्ट राहिली, की १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळक गेले तेव्हा त्यांना सोनापूरऐवजी गिरगावच्या चौपाटीवर अग्नी देण्यासाठी खास परवानगी मिळवावी लागली.

शेजारच्या बडा कबरस्तानाचा टिकाव निराळ्या वाटेने आला. ते जुम्मा मशिदीच्या ट्रस्टच्या ताब्यात आहे. कोकणी, मेमन, दखनी, उत्तरेकडून आलेले, सर्वांची माणसे तिथे आहेत, आणि एका पिढीची कबर पुढच्या पिढीच्या उपयोगी पडते. माती भरायची, जागा पुन्हा वापरायची, हिशेब ठेवायचा. यात भव्य काही नाही. पण हेच टिकण्याचे यंत्र आहे. उलट गोऱ्यांच्या दफनभूमीची व्यवस्था सरकारच्या धर्मखात्याकडे होती. पाद्री सरकारी नोकर, जागा सरकारच्या सोयीची, आणि पुरलेल्या माणसाचे घरचे सहा हजार मैलांवर. सरकारला हलवावेसे वाटले की हलले. या तुटलेपणाचे सर्वांत बोलके उदाहरण फ्रेंच आहे. व्हिक्टर जाकमाँ हा तरुण निसर्गशास्त्रज्ञ हिमालय आणि काश्मीरपर्यंत फिरून मुंबईत आला आणि ७ डिसेंबर १८३२ रोजी इथेच वारला. त्याला सोनापूरला पुरले. १८८१मध्ये त्याचे अवशेष उकरून पॅरिसला नेण्यात आले. त्याची आठवण ठेवणारे लोक पॅरिसमध्ये होते, म्हणून कबर त्यांच्याकडे गेली. सोनापूरला तो एकोणपन्नास वर्षे पाहुणा होता, एवढेच.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की सत्तेने राखलेल्या दफनभूम्याही आहेत, आणि त्या उत्तम राखलेल्या आहेत. सुरतेची ऑक्झेंडनची कबर पुरातत्त्व खात्याकडे आहे. लखनौची रेसिडेन्सी तर याचे ठळक उदाहरण. १८५७च्या वेढ्यात ४ जुलैला मेलेला सर हेन्री लॉरेन्स आणि त्याच्या बरोबरचे शिपाई, बायका, मुले यांच्या कबरी तोफांनी फोडलेल्या भिंतींच्या मधोमध आहेत. इंग्रजांनी त्या पडक्या इमारती मुद्दाम पडक्याच ठेवल्या. विजयाचे आणि सूडाचे ते देवस्थान होते. स्वातंत्र्यानंतर आपणही ती जागा राखली, आता अवधच्या लढ्याचे स्मारक म्हणून. पुण्याजवळ खडकीच्या युद्ध दफनभूमीत दुसऱ्या महायुद्धातल्या १,६०० हून अधिक सैनिकांच्या कबरी आहेत, एकसारख्या दगडांच्या, गवत कापलेल्या. पण खडकीचीच आणखी एक बाजू आहे. तिथल्या स्मारकावर पहिल्या महायुद्धाच्या काळात मेलेल्या, भारतात आणि आजच्या पाकिस्तानात ठिकठिकाणी पुरलेल्या अशा सैनिकांची नावे कोरलेली आहेत, ज्यांच्या मूळ कबरी राखणे पुढे शक्य राहिले नाही. म्हणजे राज्य राखते ते नाव, आणि तेही सैनिकाचे. त्याच छावणीत तापाने गेलेले त्याचे मूल, त्याची बायको, शेजारचा अँग्लो-इंडियन इंजिन ड्रायव्हर, यांचे दगड झाडाझुडपांत बुडाले. राज्य राखते ती कथा, आणि कथा बदलली की राखण्याचे कारणही बदलते. १९७६मध्ये लंडनमध्ये दक्षिण आशियातल्या युरोपीय दफनभूम्यांसाठी संघटना स्थापन झाली, ती वंशजांनी आणि इथे राहून गेलेल्यांनी. म्हणजे सत्ता गेल्यावर तीस वर्षांनी तिथेही शेवटी समाजच उभा करावा लागला. हा आक्षेप माझ्या म्हणण्याला छेद देत नाही. स्मारक आणि मसण या दोन वेगळ्या वस्तू आहेत, एवढेच तो दाखवतो.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे आणि तो मला टाळता येत नाही. समाज जागा राखतो, तसा तो भिंतीही घालतो. मुंबईतल्या ज्यूंचेच पाहा. कोकणातले शनवार तेली, म्हणजे बेने इस्राएल, अठराव्या शतकात मुंबईत आले. १७९६मध्ये सॅम्युएल दिवेकर यांनी त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले, ज्यावरून मशीद बंदर हे नाव पडल्याचे सांगतात. घरात मराठी, थडग्यावर हिब्रू आणि मराठी. पुढे बगदादहून ससून आणि त्यांच्यासारखे श्रीमंत व्यापारी ज्यू आले. आधी दफनभूमी एकच होती. १८३६मध्ये बगदादी ज्यूंपैकी काही प्रमुखांनी सरकारकडे मागणी केली, की आमच्या आणि बेने इस्राएलांच्या कबरींमध्ये भिंत घालून द्यावी. धर्म एक, प्रार्थना एक, तरी मातीत शेजार नको. १८७८मध्ये इलायस डेव्हिड ससून यांनी चिंचपोकळीची स्वतंत्र ज्यू दफनभूमी मुलाच्या स्मरणार्थ दिली. हिंदूंनी तर या बाबतीत कुणाला नावे ठेवूच नयेत. जातवार मसणवटे, वाट अडवणे, दलिताच्या चितेला गावच्या स्मशानात जागा नाकारणे हे महाराष्ट्रातल्या कित्येक गावांचे वर्तमान आहे. गोसावी, लिंगायत, नाथपंथी पुरतात, आणि त्यांच्या जागेचा प्रश्न आला की ‘हिंदू जाळतात’ असे सांगून बोळवण होते. हे सारे खरे आहे. मी समाजाला निर्दोष म्हणत नाही. ज्याच्या मागे समाज नाही त्याला मेल्यावर जागा नाही, हे माझ्या म्हणण्याचेच काळे टोक आहे. त्यामुळे राज्याचे काम सुरू होते ते इथे. त्याने मसण हलवत बसू नये, पण बेवारशाला आणि वगळलेल्याला तिथे जागा मिळते की नाही ते पाहावे.

उरला आरोग्याचा मुद्दा. सोनापूर भरले होते, विहिरी जवळ होत्या, वस्ती दाट होती. लीथ आणि क्रॉफर्ड यांची काळजी खोटी नव्हती. पण दुर्गंधी म्हणजेच रोग हा त्यांचा सिद्धांत पुढे टिकला नाही, आणि त्या सिद्धांताच्या नावाखाली कुणाला हलवायचे हे ठरवताना विज्ञानापेक्षा समोर कोण उभे राहते यालाच वजन आले. हे जुने झाले असे समजू नये. ३० मार्च २०२० रोजी करोनाच्या धास्तीत मुंबई महापालिकेने परिपत्रक काढले, की या रोगाने गेलेल्या प्रत्येकाचे, धर्म कोणताही असो, दहनच करावे. त्याच दिवशी ते बदलावे लागले. पुरल्याने रोग पसरतो असा पुरावा नव्हता, आणि हे तासाभरात विचारणारे लोक शहरात होते. नानांना अर्ज-विनंत्या कराव्या लागल्या. आता फोन पुरले. वाद मात्र तोच होता, आणि शहराने तो नव्याने, अगदी पहिल्यासारखा घातला.

आता शेवटी शिवडीकडे. माझ्या म्हणण्याप्रमाणे राज्यकर्त्यांची ही दफनभूमी १९४७नंतर मेंढम्स पॉइंटच्या वाटेने जायला हवी होती. ती गेली नाही, आणि हीच माझ्या मते सर्वांत महत्त्वाची साक्ष आहे. बोरीबंदरचे स्थानक उभारणारा फ्रेडरिक स्टीव्हन्स १९००मध्ये हिवतापाने गेला, तो शिवडीत आहे. गेटवे ऑफ इंडियाचा वास्तुकार जॉर्ज विटेट १९२६मध्ये वारला, तोही तिथेच. त्यांच्या मागे इथे कुणी राहिले म्हणून त्यांचे दगड उभे आहेत, असे नाही. क्रॉफर्डने युरोपियनांसाठी घेतलेल्या त्या बागेत पुढे गोव्याचे, मंगळूरचे, वसईचे, तमिळ आणि मराठी ख्रिस्ती पुरले जाऊ लागले. परळ-लालबागच्या चाळींतले, गोदीतले, बोटीवरचे, नर्सिंग करणाऱ्या बायका. कवी डॉम मोराइस २००४मध्ये तिथेच विसावले. दर २ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, शिवडीला गर्दी होते. झेंडूच्या माळा, मेणबत्त्या, चुना मारलेले क्रूस, आणि जुन्या कबरीवर नवी पाटी लावायला आलेली नातवंडे. त्या रांगांमध्ये एखाद्या इंग्रजाचा शेवाळलेला दगड असतो. शेजारच्या कबरीची सफाई करताना त्याच्यावरचेही गवत उपटले जाते.